रेडिएटरच्या पाइपचं कूळ

गाडी गरम झाली की पहिला आरोपी ऊन. नवतपात गोंदियाचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्यामुळे आरोप पटतोही. पण इंजिनातून फिरणारं पाणी एरवीही नव्वद अंशांच्या आसपास असतं. ऊन त्याचं काम अवघड करतं, एवढंच. कोहमाऱ्याच्या चौफुलीवर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या मारुती ८०० कडे जरा वाकून पाहा. खरा गुन्हेगार अनेकदा हातभर लांबीचा असतो. काळा, वाकडा, दोन्ही टोकांना पत्र्याची क्लिप आणि एका टोकाशी हिरवट-पांढऱ्या क्षाराची कड. मिस्त्री एका वाक्यात निकाल देतो, "भाऊ, पानी नाही, पाइप मागून राहिली गाडी."

या पाइपचा जन्म एका साध्या अडचणीतून झाला. रेडिएटर गाडीच्या सांगाड्याला पक्का बसवलेला असतो आणि इंजिन थरथरतं. दोघांना लोखंडी नळीने जोडलं, तर ती नळी कधीतरी तडकणारच. मध्ये वाकणारं, हिसका सोसणारं आणि तरी पाणी न सांडणारं काहीतरी हवं.

ही गरज मोटारीपेक्षा फार जुनी आहे. विहिरीवरची मोट आठवा. वरचं तोंड रुंद आणि खाली चामड्याची लांब सोंड. मोट वर येताना सोंडेला बांधलेला दोर, म्हणजे सोंदूर, तिला वर वळवून धरतो, थारोळ्याशी आली की सोंड खाली पडते आणि पाणी पाटात जातं. चामडं निवडलं ते वाकतं म्हणून. तलावांच्या या जिल्ह्यात मोटेचं तेवढं अप्रूप नाही, पण युक्ती तीच. अॅम्स्टरडॅमचा चित्रकार यान व्हान डर हेडन यानेही १६७२ च्या सुमारास आग विझवण्यासाठी चामड्याच्या शिवलेल्या नळ्याच वापरल्या. चामड्याचं दुखणं म्हणजे शिवण. दाब वाढला की पाणी टाक्यांतून पाझरतं, आणि वाळलं की चामडं तडकतं.

शिवणीची कटकट रबराने संपवली, पण कच्चं रबर उन्हात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक घालून तापवलेलं रबर टिकतं हे सापडलं. पेटंट १८४४ चं. इंग्लंडमध्ये थॉमस हॅन्कॉकने त्याच सुमारास तेच पेटंट घेतलं आणि दोघांचं भांडण कोर्टात गेलं. आपल्याला त्या भांडणाशी देणंघेणं नाही. कापडाचे थर आणि भाजलेलं रबर मिळून नळी तयार झाली, हे महत्त्वाचं.

अशी नळी गोंदियात मोटारीच्या आधी रेल्वेनेच आली असणार. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या मार्गावरचं हे जंक्शन. वाफेचं इंजिन आणि त्याच्या मागचा पाण्याचा टेंडर वळणावर वेगवेगळे हलतात, म्हणून दोघांमधली पाण्याची वाट लवचिक ठेवावी लागते. व्हॅक्यूम ब्रेकसाठी डब्याडब्यांच्या मध्ये लोंबणारा होज पाइप तर गोंदियाकरांनी प्लॅटफॉर्मवरून वर्षानुवर्षं पाहिला आहे. तो निघाला की अख्खी गाडी जागेवर थांबायची. रेडिएटरच्या पाइपचा हा थोरला चुलतभाऊ.

मोटारीला मात्र सुरुवातीला याची फार गरज नव्हती. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत इंजिनाचं पाणी सरळ उकळून उडून जायचं, ते पुन्हा भरत राहायचं. १९०१ च्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरू लागलं आणि इंजिन-रेडिएटरमधला पाइप कायमचा आला. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये बहुतेक काळ पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर जायचं, गार झालेलं खाली यायचं. दाब नाही, मग पाइपवर ताण तरी कसला?

त्या काळात पाइप टोकाला बांधायला तार किंवा साधी पट्टी असायची. ब्रिटिश आरमारातल्या लम्ली रॉबिन्सन या कमांडरने १९२१ मध्ये स्क्रू फिरवून आवळत जाणाऱ्या पट्टीचं पेटंट घेतलं. आज गॅरेजात टेबलभर पडलेल्या क्लिपा त्याच घराण्यातल्या. गाडीच्या सगळ्या सामानात इतकं कमी बदललेलं दुसरं काही मला तरी दिसत नाही.

मग १९३१ मध्ये दोन गोष्टी जवळजवळ एकदम झाल्या. क्रायस्लरने प्लिमथ गाडीत इंजिन रबराच्या माउंटिंगवर टांगलं. बसणाऱ्याची हाडं खिळखिळी होणं थांबलं, पण इंजिन आता मोकळं हलू लागलं आणि तो सगळा हिसका पाइपच्या वाट्याला आला. त्याच वर्षी ड्यू पॉन्ट कंपनीने पुढे निओप्रिन म्हणून ओळखलं गेलेलं कृत्रिम रबर जाहीर केलं. ते तेल आणि उष्णता नैसर्गिक रबरापेक्षा जास्त सोसतं. पुढे रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवू लागलं. दाबाखाली पाणी शंभर अंशांना उकळत नाही, हा फायदा. फटका पुन्हा पाइपलाच. १९६० च्या दशकात ईपीडीएम हे रबर बाजारात आलं. उष्णता, हवा आणि कूलंट यांच्याशी त्याचं छान जमतं, म्हणून आज बहुतेक गाड्यांचा पाइप त्याचाच असतो. खनिज तेल मात्र त्याला सोसत नाही. टॅपेट कव्हरमधून तेल ठिबकत असेल, तर त्याखालचा पाइप फुगून मऊ पडतो. पाइप चढत नाही म्हणून बोटभर ग्रीस लावायची आपल्याकडची सवय म्हणूनच वाईट. टोक पाण्याने किंवा कूलंटने ओलं केलं तरी पुरतं.

एक जुना पाइप ब्लेडने उभा चिरून पाहण्यासारखा असतो. बाहेरून काळा, तुकतुकीत. आत मात्र टोकापासून दोनेक इंचांत बारीक उभ्या भेगा, ज्यांतून मधल्या सुतापर्यंत पाणी पोचलेलं. इंजिनातले वेगवेगळे धातू आणि कूलंट मिळून बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. रबरातल्या काजळीमुळे तो पाइपातून वाहतो आणि टोकाजवळचं रबर आतून कुरतडतो. वरून फडक्याने पुसून पाइप 'चांगला आहे' म्हणणाऱ्याची फसगत इथेच होते. त्यात कूलंट संपला म्हणून वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं, तर क्षार साचतात आणि गंज धरतो.

खालच्या पाइपचं दुखणं वेगळं. पंप त्यातून पाणी ओढतो, म्हणून तो आत चपटा होऊ शकतो. तसं होऊ नये म्हणून अनेक जुन्या गाड्यांत त्याच्या पोटात तारेची स्प्रिंग असते. नवा पाइप टाकताना ही स्प्रिंग जुन्यासोबत भंगारात गेली, की गाडी महामार्गावर वेग घेतल्यावरच गरम होते आणि गावात फिरताना साळसूदपणे चालते.

पाइप काढताना रेडिएटरच्या तोंडाशी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नये. पितळेचं तोंड वाकतं, प्लास्टिकचं फुटतं, आणि दोन-तीनशेच्या पाइपपायी रेडिएटर जातो. जुना पाइप तसाही फेकायचाच असतो, तो उभा चिरून सोलावा. तोंडावर साचलेला क्षार पॉलिश पेपरने पुसावा आणि क्लिप तोंडाच्या कडेच्या उंचवट्यामागे बसवावी. कूलंट भरल्यावर हीटर चालू ठेवून हवा निघू द्यावी. एकदा गरम होऊन गार झाल्यावर क्लिपा पुन्हा आवळाव्यात.

उन्हाळा लागण्याआधी, इंजिन पूर्ण थंड असताना, वरचा आणि खालचा पाइप क्लिपेजवळ दोन बोटांनी दाबून पाहा आणि मग मध्यभागी दाबा. टोक मध्यापेक्षा मऊ, फुगीर किंवा कुरकुरीत लागलं, तर दोन्ही पाइप क्लिपांसकट बदला. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.