मिसफायर नेमका कुठे? ऑग्सबर्गचे इंजिन आणि रायपूरचे रतनजोत

दरवर्षी १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन साजरा होतो आणि एक वाक्य हमखास वाचायला मिळते: १८९३ साली याच दिवशी रुडॉल्फ डिझेल यांनी आपले इंजिन शेंगदाणा तेलावर चालवले. वस्तुस्थिती निराळी आहे. त्या दिवशी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे ते इंजिन स्वतःच्या बळावर चाललेच नाही. बाहेरून फिरवलेल्या त्या यंत्रात पेट्रोल सोडताच ठिणगीशिवाय स्फोट झाला आणि दाब मोजणारे उपकरण फुटले. इंजिन स्वबळावर प्रथम फिरले ते १७ फेब्रुवारी १८९४ रोजी, तेही जेमतेम मिनिटभर. १८९७ मध्ये प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी त्याची कार्यक्षमता २६.२ टक्के मोजली. शेंगदाणा तेलाचा प्रयोग त्यानंतरचा. तो १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ओटो कंपनीने दाखवला.

मधली वर्षे डिझेल यांनी एकच प्रश्न सोडवण्यात घालवली: स्फोट होतो, पण तो प्रत्येक फेऱ्यात, ठरल्या क्षणी का होत नाही? रायपूरहून बस्तरच्या कच्च्या वाटांवर जाणारी जुनी जीप चढावर अडखळू लागते, तेव्हा मेकॅनिक हाच प्रश्न विचारत असतो.

पेट्रोल इंजिनात संशय प्रथम स्पार्क प्लगवर जातो. डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसतेच. सिलिंडरमधील हवा सुमारे पंधरा ते बावीस पट दाबली जाते, ती ५०० अंश सेल्सियसच्या वर तापते आणि तीत बारीक फवाऱ्याने सोडलेले इंधन आपोआप पेटते. त्यामुळे मिसफायरची कारणे मुख्यतः तीन जागी शोधावी लागतात. इंधन पोहोचते का? त्याचा फवारा नीट व वेळेवर होतो का? हवा पुरेशी दाबली जाते का? पांढरा धूर बहुधा न जळलेल्या इंधनाचा असतो. काळा धूर इंधन जास्त किंवा हवा कमी असल्याचे सांगतो.

यांत्रिक पंप असलेल्या जुन्या इंजिनांत तपासाची पद्धत साधी आहे. आधी फिल्टर, टाकीतील पाणी आणि इंधनाच्या नळीत शिरलेली हवा पाहायची. मग इंजिन मंद गतीवर ठेवून एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित सैल करायचा. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता; काहीच फरक पडला नाही तर दोषी तोच. मग त्याचा इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरला लावून पाहायचा. दोष इंजेक्टरबरोबर सरकला तर नोझल खराब. जागीच राहिला तर पंप, व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशनकडे वळायचे. (आधुनिक कॉमन रेल इंजिनावर हा प्रयोग मुळीच करू नये. तेथे दाब हजार बारच्याही पुढे जातो आणि इंधनाची धार कातडी भेदू शकते.)

या तपासाचे तत्त्व एवढेच: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि साखळीतील एकही कडी गृहीत धरू नका.

हे तत्त्व छत्तीसगढच्या एका मोठ्या प्रयोगाला लावून पाहू. जट्रोफा, म्हणजे तेथील रतनजोत आणि आपल्याकडचा मोगली एरंड. त्याच्या बियांचे तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट दाट असते. ते तसेच वापरले तर फवारा जाडसर होतो, नोझलवर काजळी साचते आणि इंजिन अडखळते. मिथेनॉलशी अभिक्रिया घडवून ग्लिसरीन वेगळे काढले की पातळ बायोडिझेल मिळते. हा रासायनिक प्रश्न सुटलेला होता. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली–अमृतसर शताब्दी एक्सप्रेस पाच टक्के बायोडिझेलच्या मिश्रणावर धावली. २००४ मध्ये भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने तयार केलेल्या जट्रोफा बायोडिझेलवर मर्सिडीज मोटारींनी देशात हजारो किलोमीटरचा प्रवास केला. इंजिनाने परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले.

नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये जट्रोफाची शिफारस केली होती. २००५ मध्ये छत्तीसगढने जैवइंधन विकास प्राधिकरण स्थापन केले आणि राज्यभर रोपे लावली गेली. मुख्यमंत्री रमण सिंह यांची गाडी बायोडिझेलवर धावते, हे वृत्त देशभर गाजले. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले. ते साध्य झाले नाही. २०१८ च्या धोरणात बायोडिझेलचे उद्दिष्ट ५ टक्के झाले आणि मुदत २०३० पर्यंत गेली.

दोष इंजिनात नव्हता, रसायनातही नव्हता. तो शेतात होता. जट्रोफा कोरड्या जमिनीत जगतो, पण जगणे आणि भरघोस फळणे यांत अंतर आहे. गहू किंवा भातासारखी या वनस्पतीची पिढ्यान्‌पिढ्या निवड झालेली नव्हती. फळे एकदम पिकत नाहीत, म्हणून वेचणीला पुन्हा पुन्हा मजूर लागतात. पेंड विषारी असल्याने ती गुरांना घालता येत नाही. शिवाय कागदावर पडीक दिसणारी जमीन अनेकदा गावाचे गायरान असते. पाच वर्षे वाट पाहून हाती थोडेसे बी आलेल्या शेतकऱ्याचे नुकसान कोणत्याही धोरणाच्या आकड्यात दिसत नाही.

तरीही सारे श्रम वाया गेले असे म्हणता येणार नाही. २७ ऑगस्ट २०१८ रोजी स्पाइसजेटचे विमान अंशतः जैवइंधनावर डेहराडूनहून दिल्लीला पोहोचले. ते इंधन डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने बनवले होते आणि त्यासाठीचे जट्रोफाचे बी छत्तीसगढच्या शेतकऱ्यांचे होते.

आता भर वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल बनवण्यावर आहे. १० ऑगस्ट २०१९ रोजी तेल कंपन्यांनी त्यासाठी शंभर शहरांत खरेदीचा कार्यक्रम जाहीर केला. ही योजना अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेतील निकालावर थांबू नये. उपाहारगृहाच्या मागच्या दारातून तेल खरोखर किती निघते, कोण गोळा करते, त्याला भाव काय मिळतो आणि त्याची प्रत रोज सारखी असते का, हेही विचारावे. मिसफायर बॉनेटखालीच असेल असे नाही.

#विज्ञानाचा_इतिहास #जैवइंधन #छत्तीसगढ