नग्न आणि दिगंबर : भूपेन खक्कर यांच्या दोन चित्रांचा विचार

अमरकोशांत ‘नग्न’ आणि ‘दिगंबर’ हे शब्द पर्याय म्हणून आले आहेत. शिल्प व चित्र यांच्या इतिहासांत मात्र त्यांचा अर्थ एक नाहीं. आणि हा भेद ध्यानीं न घेतल्यास अर्वाचीन चित्रांतील नग्न पुरुषाचें मर्म कळावयाचें नाहीं, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

श्रवणबेळगोळ येथील सुमारें ५७ फूट उंचीची गोमटेश्वराची मूर्ति इ. स. ९८१ चे सुमारास गंगराजांचा मंत्री चावुंडराय यानें करविली. तिच्या पायांजवळील मराठी लेखामुळें ती आपल्या संशोधकांस सुपरिचितच आहे. मूर्तीच्या मांड्यांवर व बाहूंवर वेली चढल्या आहेत; देह आहे, देहभान नाहीं. येथें नग्नता ही त्यागाची खूण होय. चित्रकारापुढें दुसरा आदर्श होता तो प्रमाणाचा. विष्णुधर्मोत्तराच्या चित्रसूत्रांत पुरुषांचे हंस, भद्र, मालव्य, रुचक व शशक असे पांच प्रकार असून, हंसाचें मान १०८ अंगुळें सांगितलें आहे.

भूपेन खक्कर (१९३४–२००३) यांनीं हे दोन्ही आदर्श बाजूस सारले. जन्म मुंबईचा, कर्मभूमि बडोदें, व्यवसाय हिशेबतपासनिसाचा. १९८१ सालच्या त्यांच्या एका चित्रांत सज्जावर पाठमोरा उभा असलेला नग्न पुरुष खालीं चाललेली बाप, मुलगा व गाढव यांची सर्वपरिचित गोष्ट पाहत आहे. सर्वांचें मन राखतां येत नाहीं, हाच त्या चित्राच्या नांवाचा आशय. तें १९९६ सालापासून लंडनच्या टेट संग्रहांत आहे. पुढील वर्षींच्या काशीविषयक चित्रांत दोन नग्न पुरुष आलिंगन देऊन उभे असून, त्यांतील एक पिकल्या केसांचा आहे. भोवतीं लहान आकारांत क्षेत्रांतील नित्य व्यवहार चालू आहेत. हे देह मानसूत्रांत बसणारे नव्हेत आणि विरक्तांचेही नव्हेत. ते नग्न आहेत, दिगंबर नाहींत. त्यांस परस्परांची ओढ आहे.

असा संबंध त्या काळीं १८६० च्या दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमान्वयें गुन्हा होता. सज्ञानांच्या संमतीनें घडलेला असा संबंध गुन्हा नव्हे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय ६ सप्टेंबर २०१८ रोजीं झाला. चित्रकार त्यापूर्वीं १५ वर्षें निवर्तले होते. न्यायालयीन कागदपत्रांत अशा जीवनाची नोंद झाली ती अपराध म्हणून; प्रीति म्हणून झालेली नोंद येथें, पटावर आहे. इतिहासाचें साधन या नात्यानें तिचें मोल हेंच.

म्हणून संग्राहकांस एक विनंति. अशीं चित्रें वा रेखाटनें हातीं आल्यास यादींत ‘दोन मित्र’ किंवा ‘साधु’ असें सोज्वळ नांव घालूं नये. पोथींतील न रुचणारा पाठ आपण खोडीत नाहीं. चित्रासही तोच न्याय लावावा.