स्तनकर्करोगाच्या चाळणी तपासणीचे विमासंरक्षण (अमेरिका)

कोणतेही लक्षण नसलेल्या स्त्रीच्या स्तनांची ठरावीक काळाने तपासणी करून कर्करोग आरंभीच्या अवस्थेत शोधणे, यास चाळणी तपासणी म्हणतात. तिचे मुख्य साधन मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचे क्ष-किरण चित्रण, हे आहे. अमेरिकेत सर्व नागरिकांसाठी एकच सरकारी वैद्यकसेवा नसल्याने या तपासणीचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न राज्यांचे कायदे, संघराज्याचे कायदे आणि न्यायालये यांच्यामधून सुमारे चार दशके फिरत आला आहे. २०१० च्या आरोग्यविमा सुधारणा कायद्यानंतर बहुतेक खासगी विमायोजनांना ही तपासणी रुग्णाकडून काहीही रक्कम न घेता द्यावी लागते.

पार्श्वभूमी

या तपासणीची उपयुक्तता पडताळणारा पहिला मोठा यादृच्छिक प्रयोग एका विमासंस्थेनेच केला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. न्यूयॉर्क येथील 'हेल्थ इन्शुरन्स प्लॅन' या संस्थेने १९६३ च्या अखेरीस ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२,००० सभासद स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला दरवर्षी मॅमोग्राफी व डॉक्टरांकडून हाताने तपासणी देऊ केली, तर दुसऱ्या गटाला नेहमीची वैद्यकसेवा मिळत राहिली. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात पहिल्या गटातील स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. सॅम शापिरो, फिलिप स्ट्रॅक्स व लुई व्हेनेट यांनी हा प्रयोग चालविला.

तरीही विमा हा आजारासाठी असतो, निरोगी माणसाच्या तपासणीसाठी नव्हे, अशी विमाव्यवसायाची जुनी धारणा होती. १९८० च्या दशकात एकेका राज्याने मॅमोग्राफीचा खर्च देणे विमा कंपन्यांना बंधनकारक केले. मात्र १९७४ च्या एका संघराज्य कायद्यामुळे, ज्या मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांचा वैद्यकीय खर्च स्वतःच्या निधीतून देतात, त्यांच्या योजनांना राज्यांचे असे नियम लागू होत नाहीत. त्यामुळे एकाच गल्लीतील दोन स्त्रियांपैकी एकीला संरक्षण आणि दुसरीला नाही, असे घडू शकत होते.

सरकारी योजना

प्रामुख्याने ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी असलेल्या मेडिकेअर योजनेत मॅमोग्राफीचा समावेश १९८८ च्या कायद्याने झाला. पण तो कायदाच पुढच्या वर्षी रद्द झाला. १९९१ पासून दोन वर्षांतून एकदा आणि १९९८ पासून दरवर्षी तपासणी मान्य झाली. विमा नसलेल्या अल्प उत्पन्नाच्या स्त्रियांसाठी १९९० च्या कायद्याने स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. त्यात रोगाचे निदान होई, परंतु उपचाराची तरतूद नव्हती. कर्करोग आहे हे सांगून स्त्रीला रित्या हाताने परत पाठविणारी ही उणीव दूर व्हायला दहा वर्षे लागली: २००० च्या कायद्याने अशा स्त्रियांना मेडिकेड योजनेतून उपचार देण्याची मुभा राज्यांना मिळाली.

२०१० चा कायदा आणि वयाचा वाद

या कायद्यानुसार, प्रतिबंधक सेवांविषयी शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञांच्या कृतिदलाने 'अ' किंवा 'ब' श्रेणी दिलेली सेवा विमायोजनेने विनामूल्य देणे आवश्यक ठरते. शास्त्रीय मताचे असे थेट पैशात रूपांतर झाल्यामुळे श्रेणीला पूर्वी नसलेले वजन आले.

नेमक्या त्याच सुमारास, नोव्हेंबर २००९ मध्ये, कृतिदलाने ४० ते ४९ वयोगटात सरसकट तपासणी करू नये, असे मत दिले. या वयात खोटे इशारे व अनावश्यक बायोप्सी अधिक होतात आणि लाभ तुलनेने थोडा असतो, असे त्यामागचे कारण होते. देशभर गदारोळ झाला. काँग्रेसने कायद्यातच अशी तरतूद केली की, विमासंरक्षणापुरती नोव्हेंबर २००९ ची शिफारस धरू नये. परिणामी २००२ ची जुनी शिफारस, म्हणजे ४० वर्षांपासून एक-दोन वर्षांनी तपासणी, कायम राहिली. २०१६ मध्ये कृतिदलाने या वयोगटाला 'क' श्रेणी दिली, तेव्हाही काँग्रेसने तिचा विम्यावरील परिणाम रोखून धरला. अखेर एप्रिल २०२४ मध्ये कृतिदलानेच ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी तपासणीस 'ब' श्रेणी दिली. दोन्ही बाजूंनी विज्ञानाचा हवाला दिला असला, तरी मधल्या काळातील निर्णय मुख्यतः राजकीय होता, असे म्हणावे लागते.

पुढील तपासण्यांचा खर्च

व्यवहारात सर्वाधिक तक्रारी पहिल्या मॅमोग्राफीविषयी नसून तिच्यानंतरच्या टप्प्याविषयी असतात. चित्रात काही संशयास्पद दिसले की स्त्रीला पुन्हा बोलावून अधिक चित्रे, सोनोग्राफी, एमआरआय किंवा बायोप्सी केली जाते. यांतील बहुतेक स्त्रियांना कर्करोग नसतो. परंतु बिलात या सेवा 'निदानात्मक' म्हणून नोंदविल्या जात असल्याने विनामूल्य नियम त्यांना लागू होत नसे. योजनेतील वजावट, म्हणजे विमा सुरू होण्यापूर्वी स्वतः भरावयाची वार्षिक रक्कम, मोठी असेल तर सारा भार रुग्णावर पडे. खर्चाच्या धास्तीने पुढची तपासणी लांबणीवर टाकली, तर पहिल्या तपासणीचा हेतूच विफल होतो. काही राज्यांनी यावर स्वतंत्र कायदे केले. डिसेंबर २०२४ मध्ये संघराज्याच्या आरोग्यसेवा प्रशासनाने स्त्रियांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत सुधारणा करून, चाळणी पूर्ण होण्यासाठी लागणारे अतिरिक्त चित्रण व पेशीपरीक्षण यांचा समावेश केला. २०२६ पासून सुरू होणाऱ्या योजनावर्षांना ती लागू आहे.

दाट ऊतींच्या स्तनांत मॅमोग्राफीवर गाठ लपू शकते. सप्टेंबर २०२४ पासून अशी माहिती स्त्रीला लेखी कळविणे केंद्रांवर बंधनकारक आहे. तथापि केवळ दाट ऊतींसाठी करावयाच्या पूरक सोनोग्राफीला वा एमआरआयला पुरेसा पुरावा नाही, असे कृतिदलाचे २०२४ चे मत असल्याने या तपासण्यांचे संरक्षण राज्यागणिक वेगळे आहे.

न्यायालयीन आव्हान

कृतिदलाच्या सदस्यांची नेमणूक घटनाबाह्य असल्याचा दावा टेक्सासमध्ये दाखल झाला होता. एचआयव्ही-प्रतिबंधक औषधाच्या संरक्षणावरून सुरू झालेल्या या खटल्यात मॅमोग्राफीसह अनेक सेवांचे भवितव्य गुंतले होते. सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी नेमणुका वैध ठरविल्या. त्याच निकालानुसार आरोग्यमंत्र्यांना सदस्य बदलण्याचा व शिफारशींचा फेरविचार करण्याचा अधिकार आहे.