केनेडी विमान अपघात (१९९९)

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांचे चिरंजीव जॉन एफ. केनेडी (धाकटे) स्वतः चालवत असलेले ‘पायपर साराटोगा’ हे एका इंजिनाचे विमान १६ जुलै १९९९ रोजी रात्री मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ अटलांटिक महासागरात कोसळले. ते स्वतः, पत्नी कॅरोलिन बेसेट आणि मेहुणी लॉरेन बेसेट असे तिघेही मृत्यू पावले.

न्यू जर्सीतील एसेक्स काउंटी विमानतळावरून ८.३८ वाजता विमान उडाले. लॉरेनला बेटावर उतरवून पती-पत्नी चुलत बहिणीच्या लग्नाला हायॅनिस पोर्टला जाणार होते. ऱ्होड आयलंडमधील पॉइंट ज्युडिथपर्यंत खाली किनाऱ्यावरचे दिवे सोबतीला होते; तिथून पुढे नुसते पाणी, अंधार आणि धुरकट हवा. बेट सुमारे ३४ मैलांवर असताना ५,५०० फुटांवरून उतरण सुरू झाली. शेवटच्या काही मिनिटांत विमान वळले, थोडे चढले, पुन्हा उजवीकडे कलले आणि मिनिटाला ४,७०० फुटांहून अधिक वेगाने घसरत ९.४१च्या सुमारास पाण्यावर आदळले.

क्षितिज दिसेनासे झाले की तोल कळायला उरतो तो अंतर्कर्ण. आणि तो हमखास फसवतो. कललेले वळण काही सेकंद टिकले, की कानातील नलिकांमधला द्रव स्थिरावतो आणि विमान सरळच चालल्याचे भासते. उंची घटताना पाहून वैमानिक दांडी मागे ओढतो, पण पंख आधी समतल केले नाहीत तर वळण आणखी आवळते. अशा वेळी शरीराचे न ऐकता समोरच्या ‘कृत्रिम क्षितिज’ या उपकरणावरच भिस्त ठेवावी लागते. त्याचे शिक्षण केनेडींनी सुरू केले होते, पुरे केले नव्हते. गाठीशी सुमारे ३१० तासांचे उड्डाण होते, त्यातले या विमानावरचे ३६च. त्या रात्री सोबत येण्याची एका प्रशिक्षकाची तयारी होती. केनेडींना एकट्यानेच न्यायचे होते.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००० मध्ये दिलेल्या अहवालात यंत्रबिघाडाचा पुरावा आढळला नाही. रात्री पाण्यावर उतरताना दिशाभ्रम होऊन ताबा सुटला, हे कारण ठरले; धुरके आणि काळोख हे साहाय्यक घटक. वृत्तपत्रांनी मात्र ‘केनेडी घराण्याचा शाप’ उगाळला, जो इथे अगदीच गैरलागू आहे. विमान समतल ठेवू शकेल अशी स्वयंचालक यंत्रणाही त्यात होती. आणि उड्डाण बेकायदा नव्हते: दृश्यतेची अट पुरी होत असेल तर उपकरण-उड्डाणाच्या पात्रतेविना रात्री विमान नेण्याची मुभा अमेरिकी नियमांत होतीच.