नोकरी सांभाळून पीएचडी होते का? नियम काय सांगतो, ते वाचा

आज घरोघरी जो एलईडी बल्ब लागतो, तो निळ्या एलईडीमुळे शक्य झाला. ही निळी एलईडी ज्यांनी केली, त्यांपैकी शुजी नाकामुरा हे जपानच्या अनान गावातल्या 'निचिया' कंपनीत नोकरीला होते. 1993 मध्ये त्यांची झगझगीत निळी एलईडी जगासमोर आली, तेव्हा ते पीएचडी झालेले नव्हते. आधी अमेरिकेत एक वर्ष संशोधनासाठी गेले, तर पीएचडी नाही म्हणून तिथे त्यांना कमी लेखलं गेलं. मग कंपनीत केलेल्या कामावर त्यांनी शोधनिबंध छापले आणि 1994 मध्ये तोकुशिमा विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. पुढे 2014 मध्ये अकासाकी आणि अमानो यांच्यासोबत नोबेलही मिळालं.

जपानमध्ये या पद्धतीला 'रोनबुन हाकासे' म्हणतात. वर्गात न बसता, केलेलं काम विद्यापीठापुढे मांडायचं. ब्रिटनमध्येही छापलेल्या निबंधांवर पीएचडी मिळते, पण बरीच विद्यापीठं ती फक्त आपल्या माजी विद्यार्थ्यांना किंवा कर्मचाऱ्यांना देतात.

आपल्याकडे मात्र नुसते छापील लेख दाखवून पीएचडी होत नाही. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे प्रवेश, कोर्सवर्क, गाइड, प्रबंध आणि तोंडी परीक्षा हे सगळं करावंच लागतं. कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 6. महिलांना आणि 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना आणखी 2 वर्षांची सवलत आहे. पदव्युत्तरला साधारण 55 टक्के गुण लागतात, आरक्षित प्रवर्गांना 5 टक्के सूट.

नोकरदारांसाठी दिलासा म्हणजे पार्ट-टाइम पीएचडीला परवानगी आहे. झेडपीचे शिक्षक असोत, कृषी खात्यातले असोत की बँकेतले, ऑफिसचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यात तीन गोष्टी हव्यात: पार्ट-टाइम शिकायला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं करू. साहेबांकडून नुसतं 'हरकत नाही' एवढंच लिहून आणलं तर अर्ज अडकू शकतो. विषय मात्र रोजच्या कामातला घ्या. शाळेतली गळती, गावातलं पाणी, पीक कर्ज... माहिती हाताशी असते, सुट्ट्या कमी लागतात.

2022 च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती राहिलेली नाही. तरी विद्यापीठाचा स्वतःचा नियम विचारून घ्या, आणि पैसे घेऊन चार दिवसांत पेपर छापून देणाऱ्यांच्या नादी लागू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हॉट्सॲपवर 'घरबसल्या ऑनलाइन पीएचडी' अशी जाहिरात आली, तर पैसे भरू नका. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने केलेली पीएचडी यूजीसी मानत नाही. परदेशी संस्थेचं नाव सांगून ऑनलाइन पीएचडी देणाऱ्या कंपन्यांबद्दल यूजीसी आणि एआयसीटीईने 2022 मध्येच सावध केलं होतं. हार-तुरे घालून मिळणारी 'मानद डॉक्टरेट' ही तर पीएचडी नव्हेच. नोकरीत किंवा बढतीत ती पीएचडी म्हणून चालत नाही. बोगस विद्यापीठांची यादी यूजीसीच्या वेबसाइटवर फुकट बघता येते. फी भरायच्या आधी ती उघडा आणि गाइडचं नाव थेट विद्यापीठात फोन करून विचारा.