पेट्रोलांतील शिसें

मोटारगाडीचा इतिहास म्हणजे वेगाचा व यंत्ररचनेचा इतिहास, अशी सामान्य समजूत असते. वस्तुतः ह्या इतिहासाचा निम्मा भाग इंधनाच्या टाकींत दडलेला आहे. कार्ल बेन्झनें १८८६ सालीं आपल्या तीनचाकी गाडीचें पेटंट घेतलें, तेव्हां पेट्रोलपंप जगांत नव्हतेच. दोन वर्षांनीं त्याची पत्नी बर्था मुलांस घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली, त्या वेळीं वाटेंतील वीसलोख गांवीं औषधाच्या दुकानांतून तिला इंधन घ्यावें लागलें. कारण हा अर्क तोंवर डाग काढण्याच्या कामीं येत असे. प्रसंग मौजेचा आहे. पण आज आम्हांस सांगावयाची कथा तशी नाहीं.

इंजिनाची शक्ति वाढवावयाची तर दट्ट्याचा मिश्रणावरील दाब वाढविला पाहिजे. परंतु हा दाब एका मर्यादेपलीकडे गेला कीं मिश्रणाचा कांहीं भाग आपोआप भडकतो, इंजिनांत ठोके बसूं लागतात व धातूची हानि होते. जनरल मोटर्सच्या डेटन येथील प्रयोगशाळेंत टॉमस मिज्ली हा तरुण इंजिनियर ह्यावर उपाय शोधीत होता. ९ डिसेंबर १९२१ रोजीं त्याला टेट्राएथिल लेड हें शिशाचें संयुग सांपडलें. गॅलनभर पेट्रोलांत एक चमचाभरहि नको, आणि ठोके बंद!

दुसरा उपाय ठाऊक नव्हता, असें मात्र कोणीं समजूं नये. मद्यार्क मिसळल्यानें ठोके थांबतात हें मिज्ली स्वतः जाणत होता. पण मद्यार्क बराच मिसळावा लागे, आणि तो कोणासहि गाळतां येत असल्यामुळें त्याचें पेटंट घेणें शक्य नव्हतें. शिशाच्या उपायाचें घेतां येत होतें. फेब्रुवारी १९२३ मध्यें नवें पेट्रोल विक्रीस आलें, तें ‘एथिल’ ह्या नांवानें. नांवांतून शिसें तेवढें गळालें! शिशाचें विष प्राचीन ग्रीक वैद्यांसहि परिचित होतें. तेव्हां हा विसर सहज पडला असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

ऑक्टोबर १९२४ मध्यें न्यू जर्सींतील बेवे येथें स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यांत हें द्रव्य करणारे पांच कामगार भ्रमिष्ट होऊन थोड्याच दिवसांत दगावले. वृत्तपत्रांनीं ओरड केली, तेव्हां मिज्लीनें पत्रकारांसमक्ष तें द्रव्य हातांवर चोळलें व बाटली मिनिटभर हुंगून दाखविली. हाच मनुष्य १९२३ च्या आरंभीं शिशाच्या बाधेमुळें काम सोडून फ्लॉरिडांत विश्रांतीस गेला होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या प्रदर्शनाची किंमत कळते.

२० मे १९२५ रोजीं अमेरिकेचे सर्जन जनरल ह्यू कमिंग ह्यांनीं वॉशिंग्टन येथें परिषद भरविली. वाद खरा पुराव्याच्या भाराचा होता. अपाय होतो हें आधीं सिद्ध करा, असा कंपन्यांचा पक्ष. तर ॲलिस हॅमिल्टन, यांडेल हेंडरसन प्रभृति तज्ज्ञांस वाटे कीं, असलें विष रस्तोरस्तीं पसरूं देणेंच गैर. न्यायालयांत आरोपीस निर्दोष मानून चालतात, तें योग्यच आहे. पण विषाला आरोपीचे हक्क कोणीं दिले? समितीनें जानेवारी १९२६ मध्यें सांगितलें कीं, बंदी घालण्यास सबळ कारण दिसत नाहीं. मात्र पुढें अभ्यास व्हावा. तो अभ्यास पुढें कित्येक वर्षें मुख्यतः रॉबर्ट कीहो ह्यांच्याकडे राहिला, व त्यांच्या प्रयोगशाळेस पैसा त्याच धंद्यांतून मिळत होता. सर्वांच्याच शरीरांत थोडें शिसें असतें, तें स्वाभाविक आहे, हें त्यांच्या युक्तिवादाचें सार.

ही गांठ सुटली ती एका भूरसायनज्ञाच्या हातून. पृथ्वीचें वय मोजूं पाहणाऱ्या क्लेअर पॅटरसन ह्यांच्या नमुन्यांत जिकडून तिकडून बाहेरचें शिसें शिरत असे. अत्यंत कष्टानें तें दूर ठेवून त्यांनीं १९५६ सालीं ४५५ कोटि वर्षें हा आंकडा प्रसिद्ध केला. पण तें आगंतुक शिसें येतें कोठून, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसूं देईना. जें सर्वत्र आढळतें तें नैसर्गिकच असतें असें नाहीं, हें त्यांनीं १९६५ च्या निबंधांत दाखविलें. पुढें ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांनींहि तीच साक्ष दिली. लहान मुलांच्या बुद्धीवर होणारा परिणाम इतर संशोधकांनीं पुढें आणला.

तरी अमेरिकेंत १९७५ च्या सुमारास शिशाविना पेट्रोल सर्वत्र मिळूं लागलें, त्याचें एक मोठें कारण यांत्रिकच होतें. गाडीच्या धुराचें शुद्धीकरण करणारें नवें उपकरण शिशानें निकामी होई. मुलांपेक्षां यंत्राची तक्रार लवकर ऐकली गेली, असेंच म्हणावें लागतें! भारतांत असें पेट्रोल १९९५ सालीं मुंबईसह चार महानगरांत आलें, व १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचें पेट्रोल बंद झालें. डेटन येथें बाजूस सारलेला मद्यार्क आतां महाराष्ट्रांतील साखर कारखाने गाळतात, व तो पेट्रोलांत मिसळला जातो. शिशाचें पेट्रोल मोटारगाड्यांस विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथील विक्री जुलै २०२१ मध्यें थांबली. मिज्लीच्या शोधास शंभर वर्षें भरावयास तेव्हां थोडेच महिने उरले होते.