उंडेऱ्याची मोजदाद

२०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या परिचयातील एका जुन्या घरात वाद झाला. हे घराणे चार पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून बडोद्यास येऊन स्थायिक झालेले. घरातील आजोबांनी कोरोनाची लस घेण्यास साफ नकार दिला, तेव्हा वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या नातवाने त्यांना देशोदेशीची आकडेवारी ऐकविली. आजोबांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "अरे, तुझे आकडे खरे असतील. पण माझ्या आजीचे माहेर पुण्याचे. प्लेगच्या साली गोरे सोजीर बुटांसकट देवघरात शिरलेले तिने पाहिले होते. सरकार औषध घेऊन दारात आले म्हणजे आधी दाराची कडी लावावी, असे ती मरेपर्यंत म्हणत असे." नातवास हे अडाणीपणाचे वाटले.

आम्हांस मात्र तसे वाटले नाही. अफवा ही केवळ अज्ञानातून जन्मते असे मानण्याची आपणा सुशिक्षितांस सवय झाली आहे. लशीविषयीचा अविश्वास हा पुष्कळदा लशीविषयी नसतोच. ती टोचणारा हात कोणाचा आणि त्याच हाताने काल काय केले, याविषयी तो असतो. प्लेगच्या लशीचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण तर खुद्द बडोदे संस्थानात घडले, आणि आपल्यापैकी फार थोड्यांस ते ठाऊक असेल.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे पहिले निदान केले. हे गृहस्थ मूळचे गोव्याचे, बार्देशातील हडफडे गावचे. तेव्हाच्या मराठी वृत्तपत्रांनी या रोगास 'ग्रंथिक सन्निपात' असे भारदस्त नाव दिले. लोक मात्र 'गाठीचा ताप' किंवा नुसते 'प्लेग' म्हणत. रोग्यास घरातून उचलून इस्पितळात नेण्याचे सत्र सुरू झाले, आणि तेथून बहुतेकांची प्रेतेच परत येत. ऑक्टोबर महिन्यात गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने ऑर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. इस्पितळात माणसांचे तेल काढून त्याची मोमियाई करतात, अशी वदंता पसरली होती. राणीच्या पुतळ्यास त्याच महिन्यात कोणी डांबर फासले होते. त्या अपमानाची भरपाई म्हणून रोग्यांची काळजे कापून विलायतेस धाडतात, असेही बोलले जाई. पुढे लस आल्यावर अफवांस आणखी खाद्य मिळाले. सुई हातभर लांब असते, टोचताच माणूस मरतो, पुरुषांचे पुरुषत्व जाते, बायका वांझ होतात. यातील शेवटची दोन वाक्ये आपल्या हयातीत पोलिओच्या थेंबांविषयीही ऐकू आली आणि कोरोनाच्या लशीविषयीही. सव्वाशे वर्षांत अफवांच्या कारखान्याने नवे साचे फारसे घडविलेले दिसत नाहीत.

पण अज्ञान एकाच बाजूस होते काय? उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवितात, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवून दिले, आणि ते सर्वमान्य होण्यास पुढे सात-आठ वर्षे गेली. म्हणजे १८९७ साली कडक उपाय योजणाऱ्या सरकारी डॉक्टरांसही रोग कसा पसरतो हे ठाऊक नव्हते. कोणी जमिनीस दोष देई, कोणी ओल व दूषित हवेस. त्यांनी गटारे कार्बोलिकने धुतली, घरांची छपरे उतरविली, भिंतींस चुना फासला, सामान जाळले. उंदरांना त्यामुळे नवी घरे शोधावी लागली असतील, एवढेच. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. २०२० च्या मार्चमध्ये राज्याराज्यांतून जे निर्बंध आले, त्यांतील बरेचसे याच कायद्याखालचे होते, हे जाता जाता सांगावयास हवे. त्या अधिकाराच्या बळावर पुण्यात रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीने सोजिरांकरवी घरझडत्या घेतल्या. पुढील हकिगत मराठी वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच पुण्यात, त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला, हे मात्र रँडच्या गोष्टीइतके आपल्या घरांतून सांगितले गेले नाही.

अशा वातावरणात लस आणणारा माणूस इंग्रज नव्हता, हे एक नशीबच म्हणावे. वाल्डेमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेला. कॉलऱ्याची लस घेऊन तो १८९३ मध्ये हिंदुस्थानात आला होता. सरकारच्या बोलावण्यावरून ऑक्टोबर १८९६ मध्ये तो मुंबईस आला व ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत त्याने काम सुरू केले. प्लेगचे जंतू मांसरसात वाढवावे लागत. गोमांस वा डुकराचे मांस वापरल्यास येथे काय होईल, हे ओळखून त्याने बोकडाचे मांस घेतले. वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांना धरून जंतू लोंबत्या झुंबरांप्रमाणे खाली वाढत. मग उष्णतेने ते मारावयाचे आणि टिकण्यासाठी थोडे कार्बोलिक घालावयाचे. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि तीही पुढे इतरांस दिली त्याच्या कितीतरी पट. ताप आला, दंड दुखला. त्याने ते लपविले नाही. जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने टोचून घेतले. न टोचलेल्यांत १२ जणांस प्लेग झाला व ६ दगावले. टोचलेल्यांत दोघांस झाला व कोणी दगावले नाही. आगाखानांनी चारचौघांत टोचून घेतले, आणि त्यांच्या खोजा अनुयायांनी हजारोंनी त्यांचे अनुकरण केले. सरकारच्या जाहिरनाम्याने जे झाले नसते, ते आपल्या माणसाच्या उघड्या दंडाने झाले.

तरीही शंका उरत होत्या, आणि त्या अडाण्यांच्याच होत्या असे नव्हे. पोर्तुगीजांच्या दमणमध्ये १८९७ मध्ये सुमारे २,२०० लोकांनी टोचून घेतले. त्यांतील शेकडा दोनही मेले नाहीत. सुमारे ६,००० लोकांनी टोचून घेतले नाही. त्यांतील शेकडा चोवीस मेले. आकडे डोळे दिपविणारे खरे. पण डॉक्टरमंडळींतच प्रश्न निघाला, की टोचून घेणारे कोण? जो स्वतः होऊन लस घेतो तो बहुधा बरे खाणारा, बऱ्या घरात राहणारा, वेळीच गाव सोडणारा असणार. मग तो वाचला तो लशीने की आपल्या राहणीने? ही शंका अत्यंत रास्त होती, आणि हाफकिनने तिचा राग मानला नाही.

तिचे उत्तर त्याने बडोद्याजवळ शोधले. सयाजीराव महाराजांच्या राज्यात, शहरापासून काही मैलांवर उंडेरे हे सुमारे हजार वस्तीचे गाव. तेथे प्लेग चालू होता. फेब्रुवारी १८९८ मध्ये हाफकिन संस्थानच्या अधिकाऱ्यांसह तेथे गेला. गल्लीगल्लीतून घरवार माणसे उभी केली, आणि प्रत्येक घरातील साधारण निम्म्यांस टोचले व निम्म्यांस टोचले नाही. पुरुष, बायका, मुले, अशक्त, सशक्त अशी सर्वांची वाटणी होईल तितकी सारखी केली. आता राहणीचा प्रश्न उरला नाही. एकच छप्पर, एकच चूल, एकच विहीर, आणि (तेव्हा कोणास ठाऊक नसले तरी) तेच उंदीर. पुढील काही आठवड्यांत गावातील २८ घरांत प्लेग शिरला. या घरांतून टोचलेली माणसे ७१ होती. त्यांपैकी ८ आजारी पडली, ३ वारली. न टोचलेली ६४ होती. त्यांपैकी २७ आजारी पडली आणि २६ वारली. शेकडा चार, आणि शेकडा चाळीस.

आम्ही हे आकडे प्रथम वाचले तेव्हा शास्त्राच्या विजयाचा आनंद झाला. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा ते सव्वीस डोळ्यांपुढे आले. भावास टोचले, बहिणीस वगळले, असे त्या गल्ल्यांत झाले असले पाहिजे. आजच्या कसोटीला असा प्रयोग उतरणार नाही, आणि उतरूही नये. शास्त्राने मिळविलेल्या या खात्रीची किंमत शेतकऱ्यांच्या एका गावाने मोजली. पुढे ज्यांनी निर्धास्तपणे दंड पुढे केला, त्यांवर त्या गावाचे ऋण आहे.

खात्री पटल्यावर लोक कसे वागतात, हे त्याच वर्षी हुबळीत दिसले. तेथील बहुसंख्य रहिवाशांनी काही महिन्यांत टोचून घेतले. टोचल्याचा दाखला असला की प्रवासात अडवणूक होत नसे, विलगीकरणाच्या छावणीतून सुटका होई, हेही कारण होतेच. शिवाय टोचल्यावर दोन दिवस ताप भरे, हात सुजे व रोजंदाराची मजुरी बुडे. तेव्हा गरिबाची नाखुषी ही दर वेळी अंधश्रद्धाच होती असे म्हणणाऱ्याने आधी त्याचा पोटाचा हिशेब करावा. १८९८-९९ च्या प्लेग कमिशनने लस उपकारक ठरविली, मात्र ती संपूर्ण संरक्षण देते असा दावा केला नाही. झडत्यांचा जोरही ओसरला. गाडी रुळावर येत होती.

आणि मग मुल्कोवाल घडले. पंजाबात गुजरात नावाचा जिल्हा होता (आपल्या गुजरातेशी त्याचा संबंध नाही, आता तो पाकिस्तानात आहे). त्यातील या खेड्यात ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांस लस टोचली. त्यांपैकी १९ जणांस आठवड्याभरात धनुर्वात झाला आणि ते सर्व मेले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. इतर बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांस काही झाले नाही. म्हणजे ही अफवा नव्हती. लशीने माणसे मेली होती.

या प्रसंगी सरकारने काय करावयास हवे होते? जे घडले ते सर्व लोकांपुढे मांडावयास हवे होते. चौकशी आयोग नेमला गेला, आणि मुंबईच्या प्रयोगशाळेतच बाटली दूषित झाली असा त्याने निष्कर्ष काढला. पंजाबच्या मोठ्या मागणीसाठी हाफकिनने कृती थोडी बदलली होती व कार्बोलिक गाळले होते, यावर ठपका आला. त्यास कामावरून दूर केले गेले. चौकशीची कागदपत्रे मात्र चार वर्षे उजेडात आली नाहीत. ती बाहेर आल्यावर कळले, की त्या दिवशी खेड्यात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तोच पुन्हा वापरला गेला. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे वैद्यकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. बाटली आधीच दूषित असती, तर उघडताना तिला दुर्गंधी यावयास हवी होती. ती कोणास आली नव्हती. २९ जुलै १९०७ रोजी रोनाल्ड रॉस आदी नामांकित शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून आले. हाफकिनवर अन्याय झाला, असे त्यांनी पुराव्यानिशी लिहिले. वर्षअखेरीस तो पुन्हा कामावर रुजू झाला, पण कलकत्त्यास. मुंबईची प्रयोगशाळा त्याला परत मिळाली नाही. परळच्या त्या प्रयोगशाळेस त्याचे नाव दिले गेले ते १९२५ साली.

एका माणसावर झालेला अन्याय चरित्रकारांनी पुरेसा रंगविला आहे. आमच्या मते खरी हानी दुसरीच झाली. पंजाबात लाखो लोकांस टोचण्याचा बेत कोसळला, तो एकोणीस मृत्यूंमुळे कोसळला असता किंवा नसता. चार वर्षांच्या मौनामुळे तो सावरण्याची संधी मात्र गेली. चिमटा खाली पडला, आमची चूक झाली, बाटलीतील लस निर्दोष होती, हे १९०२ मध्येच गावोगावी सांगितले असते तर काहींनी तरी विश्वास ठेवला असता. सांगितले नाही, तेव्हा हातभर सुईची गोष्ट सांगणारा खरा ठरला. त्या पुढील वर्षांत पंजाबाइतके प्लेगने दुसऱ्या क्वचितच कोणत्या प्रांतास छळले. आणि दोन-तीन दशकांत देशभर १ कोटीहून अधिक माणसे या रोगाने नेली.

आरंभी उल्लेखिलेल्या घरातील वाद कसा मिटला, ते सांगावयाचे राहिले. नातवाने आमच्याकडून उंडेऱ्याची हकिगत नेली व आजोबांस सांगितली. मुल्कोवालही वगळले नाही. आजोबांनी जागतिक आकड्यांविषयी एक शब्द काढला नव्हता. उंडेऱ्याविषयी मात्र दोन दिवस प्रश्न विचारले. मग म्हणाले, "आपल्या आळीत कोणी कोणी घेतली, कोणास काय झाले, ते विचारून ये." ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे, हे नातवास ठाऊक होते. तरी तो दोन संध्याकाळी घरोघर हिंडला आणि वहीत लिहून आणले. कोणास ताप आला, कोणास काही झाले नाही, एका काकूंस आठवडाभर थकवा होता, तेही लिहिले. पुढच्या सोमवारी आजोबा त्याच्याबरोबर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला, तेव्हा नातू कॉलेज बुडवून घरी थांबला होता.